देशांची क्रमवारी राहू द्या, नापास झालेल्याचं काय झालं ते सांगा

दरवर्षी जून महिना आला की जगभरच्या विद्यापीठांची एक क्रमवारी जाहीर होते. पहिल्या शंभरात भारतातलं एकही विद्यापीठ नाही, अशी बातमी येते. मग अग्रलेख येतात, चॅनेलवर चर्चा होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिनलंडच्या शाळांचे फोटो फिरायला लागतात. आणि या सगळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तिकडं फक्त मेरिट बघतात, म्हणून ते पुढं गेले.’ हे वाक्य बोलणाऱ्याचा रोख कुणाकडं असतो, हे इथल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

देशोदेशींच्या शिक्षणाची तुलना करू नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. ती जरूर करावी. पण आजवर ती कायम वरून केली गेली. कुणाकडं नोबेल किती, कुणाचे शोधनिबंध किती, कुणाचा पहिला नंबर किती वेळा आला, एवढंच मोजलं गेलं. ज्या घरात तीन-चार पिढ्या पदवीधर आहेत, त्यांना ही मोजणी सोयीची आहे. आपल्यासारख्या, घरातला पहिला किंवा पहिली पदवीधर असलेल्यांनी तुलना खालून करायला हवी. त्यासाठी मी एकच प्रश्न सुचवते. शिकताना अडखळलेल्या, नापास झालेल्या, पैसे संपले म्हणून मधेच घरी गेलेल्या विद्यार्थ्याचं त्या देशात पुढं काय होतं? तो परत येऊ शकतो का? आणि परत यायला त्याला कुणाची ओळख लागते का?

महाराष्ट्रात या अडखळण्याला एटीकेटी म्हणतात, उत्तरेत बॅक म्हणतात, तमिळनाडूत अरियर म्हणतात. शब्द वेगळे आहेत, पण तो शब्द घरी सांगताना पोटात येणारा गोळा सगळीकडं सारखाच. ज्या घरात आधी कुणी परीक्षा दिलेल्या असतात, तिथं ‘होतं असं, पुढच्या वेळी सुटेल’ म्हणणारा मामा किंवा काका असतो. आपल्या घरात ‘झेपत नसेल तर राहू दे’ असं म्हणतात, तेही प्रेमानंच.

कुंभकोणमचा नापास विद्यार्थी

पीएच.डी.च्या फिल्डवर्कसाठी सध्या मी तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर या गावात राहते. पहिल्या पिढीच्या पदवीधरांची घरं, हा माझा विषय. कावेरीच्या पाण्यावरचा हा भाताचा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. शेजारच्या तंजावरात भोसल्यांचं राज्य होतं. दक्षिणेतल्या नामसंकीर्तन परंपरेतले सद्गुरुस्वामी मरुदानल्लूरचेच, आणि त्या परंपरेत आजही मराठी अभंग गायले जातात. तुकोबांचा अभंग इथवर कसा पोचला आणि तो कुणाच्या ओसरीवर थांबला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथं मला कुंभकोणमच्या कॉलेजबद्दल बोलायचंय.

हे सरकारी कॉलेज १८५४ मध्ये शाळा म्हणून सुरू झालं आणि पुढं त्याला ‘दक्षिण भारताचं केंब्रिज’ म्हणायला लागले. १९०४ मध्ये श्रीनिवास रामानुजन तिथं शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. गणितात सगळ्यांच्या पुढं, बाकीच्या विषयांत लक्ष नाही. इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. नंतर मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजात नाव घातलं, तिथं एफ.ए.च्या परीक्षेत दोनदा नापास. मद्रास, मुंबई आणि कलकत्ता ही तिन्ही विद्यापीठं १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघालेली. त्यांचं मुख्य काम परीक्षा घेण्याचं होतं. सगळे विषय सुटले तर पुढं, एक जरी राहिला तरी बाहेर.

ही गोष्ट शाळेत ‘प्रतिभेला परीक्षा ओळखू शकत नाही’ अशा अर्थानं सांगतात. ते खरं आहेच. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पदवी नसलेले रामानुजन नोकरीच्या शोधात आधी डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटले. भारतीय गणित संस्थेची सुरुवात याच अय्यरांनी केली होती. त्यांनी रामानुजन यांना मद्रासला पाठवलं. तिथं कुंभकोणम कॉलेजातले त्यांचे जुने शिक्षक शेषू अय्यर होते. त्यांच्याकडून ओळख पोचली नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत. त्यांनी काही काळ महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये पगारावर कारकुनी मिळाली, तिथं वरिष्ठ होते नारायण अय्यर, तेही गणिताचेच. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं. त्याच वर्षी, दोनदा नापास केलेल्या याच मद्रास विद्यापीठानं पदवी नसतानाही त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले, १९१६ मध्ये संशोधनावर बी.ए. मिळवली आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

रामानुजन गरीब होते. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. त्यांची बुद्धी असामान्य होती, त्याबद्दल वाद नाही, आणि या लोकांनी मदत केली हे चांगलंच झालं. पण मदतीच्या साखळीतली इथली नावं पुन्हा एकदा वाचा. परीक्षेनं दार बंद केल्यावर जातीच्या ओळखीनं खिडकी उघडली. गरीब ब्राह्मण मुलाच्या ओळखीपाळखीत डेप्युटी कलेक्टर होता, कलेक्टर होता, कॉलेजचा प्राध्यापक होता. याच तालुक्यातल्या शेतमजुराच्या मुलाच्या ओळखीत त्या वेळी कोण होतं? नापास व्हायलासुद्धा आधी वर्गात बसावं लागतं.

त्याच वर्षी दुसरा एक विद्यार्थी

१९१३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. योगायोग असा, की कुंभकोणमला जन्मलेले मराठी भाषक टी. माधवराव १८७५ ते १८८२ बडोद्याचे दिवाण होते आणि अल्पवयीन सयाजीरावांचं शिक्षण त्यांच्या कारकिर्दीत झालं. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले.

शाळेत अस्पृश्य म्हणून ज्यांना संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि फारशी घ्यावी लागली, त्या विद्यार्थ्यानं कोलंबियात तीन वर्षांत काय काय निवडलं ते बघा. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचे सुरुवातीचे वर्ग. विषय निवडायची मोकळीक ही अमेरिकी पद्धत. मद्रासच्या परीक्षेत एका विषयानं बाकी सगळे विषय बुडवले, कोलंबियात एका विषयानं दुसऱ्याचं दार उघडलं. जातींची उत्पत्ती आणि घडण यांवरचा त्यांचा निबंध १९१६ मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला गेला.

पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीनं खरी परीक्षा पुढं आहे. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला घर मिळेना, पारशी खानावळीतून बाहेर काढलं गेलं, ते सगळं आपल्याला पाठ आहे. मुद्दा असा, की लंडनच्या विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पैसे यांवर ते १९२० मध्ये परत गेले. १९२१ ला एम.एस्सी. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये, म्हणजे तिथून निघाल्यावर अकरा वर्षांनी.

आजच्या भाषेत सांगायचं तर बाबासाहेबांच्या शिक्षणात ‘गॅप’ होता. आपल्याकडं शिक्षणात खंड पडला की स्टॅम्प पेपरवर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं, जणू मधल्या काळात काही गुन्हा केला असावा. लंडनच्या नियमात परत यायची मुभा होती, तिला कुणाच्या ओळखीची गरज नव्हती. पैशाची मात्र होती, आणि तो विद्यापीठानं दिला नाही.

म्हणून ‘परदेश म्हणजे स्वर्ग’ हेही मला मान्य नाही. रामानुजन यांना संशोधनावर बी.ए. देणाऱ्या केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडू दिलं. अमेरिकेत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरलं ते १९५४ मध्ये. ‘तिकडं फक्त मेरिट’ म्हणणाऱ्यांना हेही विचारा, की अमेरिकेतल्या कितीतरी नामवंत खासगी विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप कसं मिळत आलं? तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, हे वारसाहक्काचे प्रवेश मात्र त्या निकालानं बंद केले नाहीत. बापाच्या पदवीवर मुलाला जागा मिळणं याला आपल्याकडं काय म्हणतात, ते आपल्याला माहीत आहे.

कितव्या वर्षी वेगळं काढायचं?

शाळांची तुलना करतानाही हाच प्रश्न विचारता येतो, फक्त थोडा बदलून : मुलांना एकमेकांपासून वेगळं कितव्या वर्षी काढतात?

जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, ठरतं की मूल विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेत जाणार की हाताच्या कामाकडं नेणाऱ्या. २००० सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले तेव्हा जर्मनीला धक्का बसला. मुलांचे गुण आणि घरची परिस्थिती यांचा संबंध तिथं फार घट्ट निघाला. दहाव्या वर्षी मुलाची बुद्धी मोजतोय असं वाटत होतं, प्रत्यक्षात बरंचसं घर मोजलं जात होतं. इंग्लंडमध्येही १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जायची. १९६५ नंतर बहुतेक भागांत ती पद्धत मोडीत निघाली.

फिनलंडचे फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांनी तिथला इतिहासही फॉरवर्ड करावा. तिथंही लहान वयात मुलं वेगळी काढत. १९७० च्या दशकात त्यांनी ती पद्धत बंद केली आणि नऊ वर्षं सगळ्यांना एकच शाळा केली. शाळेत सर्व मुलांना मोफत जेवण १९४८ पासून मिळतं. म्हणजे ज्या देशाचं उदाहरण ‘मेरिट’साठी दिलं जातं, त्यानं आधी वेगळं काढणं थांबवलं आणि ताट वाढलं.

आता तमिळनाडूकडं या. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी दिवसातले काही तास शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ घरच्या धंद्याचं काम शिकायचं. कुंभाराच्या मुलानं चाकावर, न्हाव्याच्या मुलानं वस्तऱ्यावर. सरकारच्या मते हा शाळांच्या तुटवड्यावरचा उपाय होता. पेरियार आणि द्रविड चळवळीनं तिला नाव दिलं ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण. जर्मनी दहाव्या वर्षी वेगळं काढत होती, ही योजना जन्माच्या दिवशीच वेगळं काढत होती. एवढा विरोध झाला की १९५४ मध्ये राजाजींनी पद सोडलं आणि कामराज मुख्यमंत्री झाले. त्यांनी योजना रद्द केली आणि १९५६ पासून शाळांत दुपारचं जेवण सुरू केलं. कामराज स्वतः लहानपणीच शाळा सुटलेले. १९८२ मध्ये एम.जी.आर. यांनी ती योजना वाढवली, २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही सुरू झाला.

आपल्याकडं जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न मांडला, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. विचारात आपण मागं नव्हतो. पण २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण देशाचं २८.४, महाराष्ट्राचं ३५.३ आणि तमिळनाडूचं ४७ आहे. ६९ टक्के आरक्षण असलेलं राज्य मोठ्या राज्यांत सगळ्यांच्या पुढं आहे. आरक्षणामुळं शिक्षण बुडतं म्हणणाऱ्यांनी या आकड्याजवळ थोडं थांबावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००९ च्या ‘पिसा’ फेरीत भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले आणि ७४ जणांच्या यादीत अगदी तळाशी राहिले. त्यानंतर भारत त्या चाचणीपासून लांबच राहिला. प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले नव्हते, असं कारण दिलं गेलं. ते काही अंशी खरं असेल, पण तेवढ्यावर भागत नाही. आपली मुलं आठवी-नववीपर्यंत पोचतात आणि साधा उतारा वाचून समजून घेताना अडखळतात, हे आपण आपल्या घरात बघतो. त्या फेरीत पहिलं आलं शांघाय. पण शांघायात मजुरी करायला आलेल्या खेड्यातल्या माणसांच्या मुलांना चीनच्या हुकू नावाच्या रहिवासी नोंदणीमुळं तिथल्या उच्च माध्यमिक शाळेत शिकणं अवघड होतं. पंधरा वर्षांची अशी कितीतरी मुलं चाचणीच्या आधीच गावी परतलेली असायची. पहिला नंबर बघताना कोण बाहेर राहिलं तेही बघावं, ते यासाठी.

‘मुदल पट्टदारी’

मी ज्या घरात भाड्यानं राहते, तिथली मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई भातलावणीला जाते, वडील ट्रॅक्टर चालवतात. पहिल्या आठवड्यातच तिनं मला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद दाखवला. “अक्का, हे बघा, मी मुदल पट्टदारी.” मुदल पट्टदारी म्हणजे पहिली पदवीधर. घरात आधी कुणी पदवीधर नाही, असा हा सरकारी दाखला. आपल्याकडच्या सेतूसारख्या केंद्रावर अर्ज करायचा, तहसील कचेरीतून चौकशी होते आणि दाखला मिळतो. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण-शुल्कात सवलत मिळते.

अमेरिकेतही असा प्रवर्ग आहे. १९६० च्या दशकात तिथं ‘ट्रायो’ नावानं ओळखले जाणारे सरकारी कार्यक्रम सुरू झाले. आई-वडिलांपैकी कुणाकडंही पदवी नसलेला विद्यार्थी म्हणजे पहिल्या पिढीचा विद्यार्थी, ही व्याख्या १९८० मध्ये कायद्यात आली. त्यात फीच्या मदतीपेक्षा सोबतीवर भर आहे. शिकवणी, अर्ज भरायला मदत, अडलं तर विचारायला माणूस. रामानुजन यांना जे अय्यर मंडळींकडून मिळालं, ते जातीच्या बाहेर काढून सरकारी नोकराच्या कामात बसवण्याचा हा प्रयत्न आहे. बाकी अमेरिकेतलं सगळं घेण्यासारखं नाही. तिथल्या विद्यार्थ्यांवरचं एकूण कर्ज दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेलंय, आणि पदवी अर्ध्यात सोडलेल्याच्या अंगावरही ते तसंच राहतं.

तमिळनाडूचा दाखला फीपाशी थांबतो, हा त्याचा कमकुवतपणा. अरियर राहिला तर काय, हे त्यात नाही. शिवाय तो सर्व जातींना आहे, आणि ते ठीकच आहे. पण उद्या कुणी म्हणेल की आता ‘पहिली पिढी’ बघू, जात कशाला? तेव्हा सावध राहायला हवं. पदवीधर बापाच्या दलित मुलीलाही भाड्यानं खोली शोधताना आडनाव विचारलं जातं. पहिली पिढी हा आरक्षणाला पर्याय नाही, ती त्याच्या शेजारी मांडायची गोष्ट आहे.

तमिळनाडू नमुना म्हणून डोक्यावर घ्यावा, असंही इथं राहून वाटत नाही. याच कुंभकोणममध्ये १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत गवताचं छप्पर पेटलं आणि ९४ मुलं गेली. त्यांच्या आई-वडिलांना शाळा निवडताना फिनलंड आणि जर्मनी यांच्यातून निवडायचं नव्हतं. राज्याच्या कितीतरी शाळांत मुलं मनगटावर जातीच्या रंगाचे धागे बांधून येतात, ते बंद करावेत अशी शिफारस न्यायमूर्ती चंद्रू समितीला २०२४ मध्ये करावी लागली. आणि इथून फार लांब नसलेल्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता. बारावीला १२०० पैकी ११७६ गुण. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षा तमिळनाडूनं २००७ पासून बंद केल्या होत्या, २०१७ मध्ये ‘नीट’ सक्तीची झाली. मजुराच्या या दलित मुलीनं सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जीव दिला. बारा वर्षांच्या अभ्यासावर एका दिवसाचा पेपर भारी ठरला. रामानुजन यांच्या एफ.ए.ला शंभरावर वर्षं उलटली होती.

बाहेर पडायचं दार आणि परत यायचं दार

आता आपल्यापुढं नवं शैक्षणिक धोरण आहे. पदवी चार वर्षांची, आणि एक वर्षानं बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. हे अमेरिकेसारखं लवचिक आहे, असं सांगितलं जातं. परत यायची सोय कागदावर आहे, श्रेयांकांची बँकही आहे. पण बाहेर पडायच्या दाराला फक्त गरिबी पुरते. परत यायच्या दाराला पैसा लागतो, रिकामा वेळ लागतो आणि पाठीशी उभं राहणारं माणूस लागतं.

माझ्या बी.ए.च्या वर्गात एक मैत्रीण होती. तालुक्याचं कॉलेज, रोज एसटीनं येणं-जाणं. पहिल्या वर्षाला इंग्रजीत एटीकेटी लागली. पुन्हा परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, याची नोटीस एका फळ्यावर दोन दिवस होती. त्या दोन दिवसांत ती कापूस वेचायला गेली होती. ऑफिसात विचारलं तर तारीख गेली म्हणाले. त्या वर्षी शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही, पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. तिची बुद्धी कमी पडली नव्हती. परत यायचा रस्ता सांगणारं कुणी नव्हतं. नव्या धोरणात तिच्या हातात एक वर्षाचं प्रमाणपत्र असतं आणि सरकारी हिशोबात ती गळती न ठरता ‘यशस्वी निर्गमन’ ठरली असती.

गळतीचे आकडे वरच्या संस्थांतही लहान नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. विद्यार्थ्यांना अनेक पर्याय असतात, ते दुसरीकडं जातात, असं सरकारचं स्पष्टीकरण होतं. काही गेलेही असतील. पण कितीजण दुसऱ्या संस्थेत गेले आणि कितीजण घरी, हे मोजण्याची तसदी का घेतली जात नाही?

परदेशाचं दारही असंच. अनुसूचित जाती आणि इतर काही घटकांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून केंद्रानं २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले. जातीवर निबंध लिहायला कोलंबियात निघालेल्या विद्यार्थ्याला आज ही शिष्यवृत्ती मिळाली नसती. ज्या देशात जाऊन आपण आपल्या समाजाकडं लांबून बघू शकतो, तिथं जा, पण तो विषय सोडून, असा या नियमाचा अर्थ होतो.

मग मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, प्रत्येक विद्यापीठानं दरवर्षी जाहीर करावं की पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी कोण, कोणत्या प्रवर्गातलं, कधी आणि का गेलं. दोन, नापास झाल्यावर किंवा खंड पडल्यावर परत येणाऱ्याची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची जागा ठरावीक वर्षं राखून ठेवावी. बाबासाहेबांना लंडननं चार वर्षं दिली होती, तेवढी तरी आपल्या विद्यापीठांनी द्यावीत. तीन, महाराष्ट्रानं पहिल्या पदवीधराचा दाखला सुरू करावा, आरक्षणाला हात न लावता, आणि त्यात फीबरोबर प्रत्येक कॉलेजात एक पूर्णवेळ माणूस द्यावा. फॉर्मची तारीख सांगणारा, गैरहजर मुलीच्या घरी फोन करणारा.

यातलं काही आपल्याला नवीन नाही. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून १९४६ मध्ये निघालेल्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग भरत. कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ उभं केलं. ज्याला पूर्ण वेळ शिकणं परवडत नाही, तोही विद्यार्थीच आहे, हे या लोकांना कळलं होतं. इंग्लंडनं १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ काढलं आणि आधीच्या परीक्षांची अट न घालता दार उघडलं. आपल्याकडं नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तरी मुलाखतीत त्या पदवीचं नाव सांगताना आपलाच आवाज खाली जातो, तो का, याचाही विचार व्हावा.

सरकारकडं मागणी करत असताना एक काम आपल्या हातातलं आहे. आपल्या पदवीच्या पहिल्या वर्षाची हजेरी आठवा. किती नावं होती, आणि तिसऱ्या वर्षाच्या फोटोत किती उरली? मधल्यांपैकी दोघा-तिघांचे नंबर अजून कुणाकडं तरी असतील. त्यांना फोन करा, कुठल्या विषयात राहिलं होतं ते विचारा. ती परीक्षा आता कशी देता येईल, बाहेरून फॉर्म भरता येतो का, मुक्त विद्यापीठात प्रवेश कधी सुरू होतात, हे आपल्याला माहीत असतं. पुढच्या जूनमध्ये कुणी फिनलंडचा फोटो पाठवला, तर आपल्या वर्गातल्या किती जणांची पदवी त्या वर्षात पुरी झाली, तो आकडा त्याला उलट पाठवता येईल.

जय भीम.